सातव्या ओळीतला पंखा

१

माझा धंदा आवाज कमी करण्याचा आहे. असं सांगितलं की लोकांना वाटतं मी नवरा-बायकोची भांडणं मिटवते. प्रत्यक्षात मी कॉम्प्युटरच्या आतल्या पंख्यांचं सॉफ्टवेअर लिहिते. मशीन तापलं की पंख्यांनी किती जोरात फिरायचं, निवलं की किती हळू व्हायचं, हे ठरवणारा प्रोग्रॅम. पंखे फार हळू फिरले तर मशीन तापून बंद पडतं, फार जोरात फिरले तर वापरणाऱ्याचं डोकं उठतं. या दोन्हींच्या मधली जागा शोधत बसायची, एवढंच माझं काम. त्यावर आमचं निम्मं घर चालतं आणि उरलेलं निम्मं नवऱ्याच्या भट्टीवर.

नवरा ब्रेडच्या कारखान्यात भट्टीवर असतो आणि त्याची पाळी कायम रात्रीची. सकाळी तो घरी येतो, आंघोळ करतो, चहात बिस्कीट बुडवता बुडवता जांभया देतो आणि आतल्या खोलीत जाऊन पडतो. मग मी पडदे ओढते, दारावरची बेल बंद करते, मोबाइल मुका करते आणि बाहेरच्या खोलीत कामाला बसते. दोन खोल्यांच्या मध्ये एकच भिंत आहे. इकडून माझं टेबल तिला टेकलेलं, तिकडून त्याचा पलंग. दिवसभर घरात पडद्यातून गाळून आलेला पिवळसर उजेड असतो आणि त्या उजेडात मी मांजरीच्या पावलांनी वावरते. नवरा मला ‘पंखेवाली’ म्हणतो. लग्नात त्याच्या मित्रांना त्याने हीच ओळख करून दिली होती.

एवढं करूनही त्याच्या डोळ्याला डोळा लागत नसे. खालून स्कूटर गेली की जाग. वरच्यांनी खुर्ची ओढली की जाग. माझ्या हातून चमचा पडला तर तो आतून ओरडायचा, “उचल आता, मी जागाच आहे.” वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. त्याच्या डोळ्यांखाली काळं साचलं होतं. मागे एकदा भट्टीसमोर उभ्या उभ्या डुलकी लागली आणि त्याचा हात कोपरापर्यंत भाजून निघाला. तेव्हापासून तो कामावर निघाला की मी जिन्यावरची त्याची पावलं विरेपर्यंत दार उघडं धरून उभी राहायची. पुढची डुलकी कुठे लागेल, याचा विचार मी करायची नाही असं ठरवायची आणि तोच करत बसायची. त्याला चार तास गाढ झोप मिळावी, याहून जास्त मला कशाचीच ओढ नव्हती.

२

कंपनीने तपासायला एक नवा मदरबोर्ड पाठवला. त्यावरच्या चिपशी बोलू शकेल असा ड्रायव्हर मला लिहायचा होता. बोर्डवर आठ पंख्यांची सोय होती. मी सहाच लावले, कारण माझ्याकडे सहाच होते. मोकळ्या राहिलेल्या सातव्या आणि आठव्या जागेच्या ओळी मी आकडे वाचायला सुरुवात करायच्या आधीच लपवून टाकल्या. लपवलेली ओळ ड्रायव्हर वाचत नाही आणि चालवतही नाही. ही आमच्या धंद्यातली सवय आहे. मोकळ्या जागेकडे कोणी बघत नाही.

ड्रायव्हर पहिल्यांदा चालला तेव्हा मला फार आनंद झाला. पडद्यावर सहा ओळी उमटल्या. प्रत्येक ओळीत पंख्याचे मिनिटाचे फेरे, शेजारी त्याच्या सेन्सरचं तापमान आणि वेग कमी-जास्त करायचा स्लायडर. मी शहाण्यासारखं मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, सगळं टिकतंय का बघायला. सगळं टिकलं होतं. फक्त सातवी ओळ परत आली होती.

तिच्यात लिहिलं होतं, फेरे चौदा. तापमान साडेछत्तीस.

मी कॅबिनेटचं झाकण काढून आत वाकून पाहिलं. सातव्या जागी चार उघड्या पिना होत्या. मी त्यांच्यावर बोट ठेवलं, फुंकर मारली, टॉर्च धरला. पडद्यावर चौदाचे तेरा झाले आणि पुन्हा चौदा. आता हे तर अजिबातच जुळत नव्हतं. या चिपला इतका कमी वेग मोजताच येत नाही. पंखा शंभराच्या खाली गेला की ती सरळ शून्य लिहिते. मी स्वतः तिचं माहितीपत्रक डोळ्यांत तेल घालून वाचलं होतं.

मी आमच्या टीमच्या मुख्यांना फोन लावला. त्यांना सगळे मागून हेडमास्तर म्हणतात आणि त्यांना ते माहीत आहे.

“मोकळी पिन आहे ती,” हेडमास्तर म्हणाले. “हवेतलं काहीबाही पकडते. ओळ लपव आणि पुढे चल.”

“सर, पण तापमानही दाखवतेय.”

“किती?”

“साडेछत्तीस.”

“मग ताप नाहीये तिला. काळजी करू नकोस,” असं म्हणून ते स्वतःच्याच विनोदावर हसले.

मीही हसले. ओळ मात्र मी लपवली नाही. तिच्यातला आकडा ज्या सावकाशीने हलत होता, ती मला बघत बसावीशी वाटत होती. बाकीचे पंखे सातशे-आठशेच्या घरात धडपडत होते आणि ही एकटी आरामात चालली होती.

३

माझी नणंद रुग्णालयात नर्स आहे. दुपारची सुटली की कधीकधी घरी जाता जाता डोकावते. आम्ही दोघी स्वयंपाकघरात कुजबुजत चहा पितो. त्या दिवशी मी तिला सातव्या ओळीची गंमत सांगितली.

“चौदा?” ती म्हणाली. “वहिनी, तो पंखा कसला, ते तर झोपलेलं माणूस झालं. वॉर्डमध्ये रोज मोजते मी. निवांत झोपलेला माणूस मिनिटाला बारा-चौदा श्वास घेतो.”

“आणि साडेछत्तीस?”

“मग जिवंतही आहे.” तिने बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकला. “दादा झोपलाय का? थांब, बघून येते. सवय आहे मला.”

ती आत गेली आणि दाराशी उभी राहून घड्याळ बघू लागली. मी टेबलाशी उभी होते. सातव्या ओळीत तेरा होते. ती बाहेर आली आणि ओठांनीच, आवाज न करता म्हणाली, तेरा.

आम्ही दोघी खो खो हसलो. आतून नवरा ओरडला, “जागाच आहे मी! हसा!” आणि तेवढ्यात सातवी ओळ सतरावर गेली. ते फक्त मी पाहिलं.

नणंद गेल्यावर मी स्वतःला समजावलं. भिंत एक आहे, पलंग भिंतीला टेकलाय, टेबल भिंतीला टेकलंय. श्वासाची थरथर पलंगातून भिंतीत, भिंतीतून टेबलात, टेबलातून पिनेत जात असेल. ही समजूत मला फार आवडली. मी ती हेडमास्तरांना सांगायचीही ठरवली. मग संध्याकाळी नवरा कामावर निघाला, जिन्याचं दार वाजलं, बसथांब्याकडे त्याची पाठ दिसेनाशी झाली, आणि सातवी ओळ चालतच राहिली. वीस. एकवीस. सव्वीस.

मी त्याला फोन लावला. “धावतोयस का?”

“बस सुटत होती,” तो धापा टाकत म्हणाला. “पकडली. तुला कसं कळलं गं?”

“असंच,” मी म्हणाले.

४

आमच्या प्रोग्रॅमचं पान मोबाइलवरही उघडतं. दुसऱ्या दिवशी तो झोपल्यावर मी मोबाइल घेऊन त्याच्या पायाशी जाऊन बसले. पांघरूण वर जायचं, खाली यायचं. पडदे ओढलेले होते तरी कुठूनतरी उन्हाची एक रेघ आत आली होती आणि तिच्यात धूळ तरंगत होती. मी किती वेळ बसले होते कोण जाणे. मला स्वतःलाच पेंग येत होती. एका क्षणी तो झोपेत दचकला, श्वास अडकला आणि पुढचा घाईघाईने घेतला गेला. माझ्या तळहातावर आकडा अडखळला आणि पुढे पळाला.

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर वाटली नाही. मला वाटलं, इतकी वर्षं मी भिंतीच्या अलीकडून याच्यासाठी पडदे ओढतेय, चमचे जपतेय, आणि आज पहिल्यांदा याचं काहीतरी माझ्या हाती आलंय.

सातव्या ओळीतही स्लायडर होता. ड्रायव्हर सुरू झाला की दिसणाऱ्या सगळ्या ओळींचा ताबा तो स्वतःकडे घेतो, सातवीचाही त्याने घेतला होता. मी स्लायडर अगदी बारीकसा खाली ओढला. घाई करायची नाही, हे आमचं तंत्र आहे. पंख्याचा वेग एकदम बदलला तर कानाला कळतो. हळूहळू बदलला तर कोणाला पत्ता लागत नाही.

चौदाचे बारा झाले. बाराचे अकरा. त्याच्या कपाळावरची आठी सुटली. खालून स्कूटर गेली. वरच्यांनी खुर्ची ओढली. पापणीसुद्धा हलली नाही. इतका शांत चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता. लग्नाच्या फोटोतही तो दमलेलाच आहे. मला रडू आलं आणि मी ते तोंडात पदर कोंबून दाबलं, तो उठू नये म्हणून.

संध्याकाळ व्हायला लागली तशी मी स्लायडर हलक्या हाताने होता तिथे नेऊन ठेवला. तो उठला आणि पलंगावर बसून कितीतरी वेळ नुसता समोर बघत राहिला.

“कुठेतरी गेलो होतो मी,” तो म्हणाला.

“कुठे?”

“मोठी खोली होती. आपल्या कारखान्यासारखी, पण भट्ट्या सगळ्या निवलेल्या. वरून पीठ पडत होतं. बारीक, सारखं. आवाजच नव्हता कसला.” तो हसला. “तू पण यायला हवं होतंस. तुला तरी कुठे झोप असते?”

“मला काय झालंय?”

“माझ्यापायी जागी असतेस तू. मला काय कळत नाही?”

त्या संध्याकाळी तो शीळ घालत कामावर गेला. मीही कितीतरी दिवसांनी त्याच्या पाठोपाठ लगेच दार लावलं.

मग तो आमचा रोजचा नेम झाला, म्हणजे माझा. त्याला मी काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? अकरा, कधी दहा. त्याच्या डोळ्यांखालचं काळं उतरलं. नणंद म्हणाली, “दादा तरुण दिसायला लागलाय, काय खायला घालतेस?” कारखान्यात त्याला मुकादम म्हणाला की आजकाल तू शेवटपर्यंत ताजा असतोस. रोज झोपेतून उठला की तो त्या खोलीबद्दल थोडं थोडं सांगायचा. तिथे खिडक्या आहेत पण बाहेर काही नाही. पीठ पायांखाली दाबलं जातं पण ठसा उमटत नाही. तिथे गार आहे. भट्टीवर काम करणाऱ्या माणसाला गारव्याचं कोण कौतुक. मी ऐकायची आणि त्याच्या कपात अजून चहा ओतायची.

५

हेडमास्तरांनी नव्या आवृत्तीची घाई लावली. तिच्यात एकच मोठी गोष्ट होती, तिचं नाव शांत मोड. मशीन पुरेसं गार असेल तर पंखे हळू करण्याऐवजी पूर्ण थांबवायचे. सेन्सर पंचेचाळीस अंशांच्या वर गेला तरच पुन्हा सुरू करायचे. कल्पना माझीच होती. गार आहे तोवर फिरायचं कशाला, असं मी मीटिंगमध्ये म्हणाले होते आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

माझा नियम असा की नवं काहीही आधी माझ्या मशीनवर चालवायचं. जेवण उरकून मी आवृत्ती टाकली. ‘सर्व ओळींना लागू करा’ यावर टिक केली, कारण मी नेहमी तिथेच टिक करते. बालदीत धुतलेले कपडे वाट बघत होते. ते घेऊन मी गॅलरीत गेले.

शर्टाच्या बाह्या झटकताना मला मागून पंखे थांबत गेलेले ऐकू आले. बाहेरच्या माणसाला तो फरक कळलाही नसता. एकेक बारीक सूर गळून पडत होता. चौथा थांबला, पाचवा थांबला. सहावा जरा रेंगाळला आणि मग तोही गेला. मी चिमटा हातात धरून उभी राहिले. अभिमानाने ऊर भरून आला. इतकी शांतता मी आयुष्यात पहिल्यांदा बनवली होती. खालचा रस्तासुद्धा त्या वेळी रिकामा होता. वाळत घातलेल्या चादरी हलत नव्हत्या.

मग माझ्या लक्षात आलं की भिंतीपलीकडून जी बारीक घरघर दिवसभर येत असते, तीही येत नाहीये.

सातवी ओळ. साडेछत्तीस हे पंचेचाळीसपेक्षा कमी असतात.

चिमटा कुठे पडला मला माहीत नाही. मी आत धावले. पडद्यावर सात ओळी आणि सातही शून्य. मी आतल्या खोलीत गेले. तो उताणा पडला होता, हात छातीवर, चेहऱ्यावर तोच शांतपणा. मी त्याला हलवलं. नावाने हाक मारली, ओरडले, गालावर चापट मारली. गाल गार होता. नाकाखाली हात धरला आणि हाताला काही लागलं नाही. त्याच्या पापण्यांच्या केसांत काहीतरी पांढरं अडकलं होतं, मी ते पुसलं आणि ते बोटावर विरून गेलं.

मी पुन्हा टेबलाशी आले. तापमान एकतीस, मग तीस. शांत मोड बंद केला. स्लायडर चौदाच्या जागी ठेवला. शून्य. आणि तेव्हा माझं डोकं चाललं, कारण ही गोष्ट मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवते. फिरणारा पंखा थोड्या विजेवर फिरत राहतो, पण थांबलेला पंखा तेवढ्यावर सुरू होत नाही. त्याला आधी जोरदार धक्का द्यावा लागतो.

मी स्लायडर वरच्या टोकापर्यंत ढकलला.

भिंतीपलीकडे पलंग दणकन हलला आणि माणूस पाण्यातून वर येतो तसा एक लांबलचक श्वास घरभर ऐकू आला. मी खुर्चीखाली जमिनीवर बसले. जरा वेळाने तो दारात आला, भिंतीला धरून. मी त्याच्या पायांना मिठी मारली.

तो रागावला होता. माझ्यावर इतका कधीच रागावला नव्हता.

“का उठवलंस?” तो म्हणाला.

६

मी शांत मोड काढून टाकला. सातव्या ओळीला चौदाच्या खाली जाताच येणार नाही अशी अट घातली. मशीन मी बंद करणार नव्हते, कधीच. वीज गेली तर चालावं म्हणून मोठी बॅटरी आणून जोडली. हेडमास्तरांना सांगितलं की बोर्ड परत पाठवता येणार नाही, माझ्या हातून बिघडलाय. ते म्हणाले, “तुझ्या हातून?” आणि त्यांनी फोन ठेवला.

नणंदेने त्याला तपासलं. छाती ऐकली, नाडी धरली. “ठणठणीत आहे,” ती म्हणाली. “जरा गार लागतोय हाताला, एवढंच. भट्टीवरच्या माणसाला कसली थंडी भरणार?” जाताना मात्र ती दाराशी घुटमळली आणि मला विचारलं, “वहिनी, दादा कोणावर चिडलाय का?”

तो चिडला नव्हता. त्याला झोप येत नव्हती. स्कूटर गेली की जाग, खुर्ची ओढली की जाग, सगळं पहिल्यासारखं, उलट पहिल्यापेक्षा वाईट, कारण आता काय गमावलंय ते त्याला माहीत होतं. तो पडून राहायचा आणि भिंतीकडे बघायचा. भिंतीच्या अलीकडे मी.

“तेव्हासारखं कर ना,” एकदा तो आतून म्हणाला.

मी टाइप करायची थांबले. “काय करू?”

“तू करायचीस ते.”

“मी कुठे काय करत होते?”

“अगं, मला काय कळत नाही?” तो मायेने म्हणाला. “थोडंसंच. खोली अजून आहे तिथे. मला दारापर्यंत जाता येतं, आत जाता येत नाही.”

मी नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशीही नाही म्हणाले. तो मागायचा, मी नाही म्हणायची, आणि त्याच्या डोळ्यांखाली पुन्हा काळं साचायला लागलं. एकदा तर मी माउसवर हातही ठेवला. माझ्याच्याने त्याचे हाल बघवत नव्हते. पण तो लांबलचक श्वास माझ्या कानातून जात नव्हता. तो मला जागा, चिडका, कुरकुरता, कसाही चालणार होता. श्वास घेणारा हवा होता. मी हात काढून घेतला आणि त्याला रडत रडत सांगितलं की मला तू हवा आहेस, बाकी मला काही कळत नाही.

तो माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिला. हात गार होता. “तूच दमलीयेस गं,” तो म्हणाला.

७

त्याची सुट्टी होती. दुपारी पडदे ओढलेले होते, घरात तो पिवळसर उजेड होता. तो झोपायला गेला नव्हता, खिडकीशी खुर्ची टाकून बसला होता. मी आंघोळीला गेले. नळ सुरू होता तोवर मला काही ऐकू येत नव्हतं, आणि नळ बंद केल्यावरही आलं नाही.

मी ओल्या केसांनीच बाहेर आले. नवरा माझ्या टेबलाशी माझ्या खुर्चीत बसला होता. त्याने आजवर कधी माझ्या मशीनला हात लावला नव्हता. बिल भरायचं असलं तरी तो मलाच हाक मारायचा. आता त्याचा हात माउसवर होता आणि माउसवर, टेबलावर, कीबोर्डच्या फटींत बारीक पांढरं पीठ पडलं होतं. तो दोन दिवस कारखान्यात गेलेला नव्हता. पिठाला पिठाचा वास नव्हता.

मी घातलेली अट त्याने काढली होती. कशी, ते मला सांगता येणार नाही. सातव्या ओळीत शून्य होतं. तापमान खोलीतल्या हवेइतकं झालं होतं.

तो खुर्चीतल्या खुर्चीत माझ्याकडे वळला. चेहरा प्रसन्न होता, डोळ्यांखाली काळं नव्हतं. घरातला उजेड त्याच्या शर्टावर पडला होता आणि मी त्या शर्टाकडे बघत राहिले, दुसऱ्या बटणाकडे, जिथे कापड वर जायला हवं, खाली यायला हवं. ते हललं नाही.

“बघ,” तो म्हणाला. “लागतच नाही. उगीच घाबरत होतीस.”

आवाज त्याचाच होता. फक्त तो ओठांवरून येत असताना समोरची धूळ हलत नव्हती.

“इकडे ये ना,” तो म्हणाला. “तुझ्यासाठी किती वेळ शोधतोय मी. लपवून ठेवलीस होय गं?”

मी जवळ गेले. माझा नवरा मला बोलावत होता, मी आणखी कुठे जाणार? पडद्यावर ‘सगळ्या ओळी दाखवा’ यावर टिक होती. पहिल्या दिवशी मी दोन मोकळ्या ओळी लपवल्या होत्या. सातवी परत आली होती. आठवीकडे मी कधी वळूनही पाहिलं नव्हतं.

आठव्या ओळीत तापमान सदतीस होतं. फेरे चोवीस होते, मी बघत होते तोवर सव्वीस झाले, मग एकोणतीस. माझ्या कानात रक्त ठोके देत होतं. मी तोंडावर हात धरला आणि एकोणतीसचा आकडा अडखळला.

“तुझाच आहे ना हा?” त्याने स्लायडरवर बाण नेऊन ठेवला, हळूच, माझ्याच पद्धतीने. “केवढी धावतेस गं पंखेवाली. अशाने झोप कशी लागेल तुला?”

मी नको म्हणणार होते. नको म्हणायला आधी श्वास आत घ्यावा लागतो. मी तो घेतला, छाती भरली, ओल्या केसांतून एक थेंब पाठीवर उतरला, आणि आठव्या ओळीतला आकडा सावकाश खाली येऊ लागला.